आठ वर्षांसाठी कायम

पिनेच्या चकतीवरचा सात नीट ठोकला गेला नव्हता, त्यामुळे सत्तेचाळीस हा आकडा उजेडाकडे धरल्याशिवाय पुरता दिसत नसे — आणि तो रोज सकाळी ती पिन उजेडाकडे धरून बघे, उगाचच. धुलाईघराच्या खिडकीत प्रत्येक खेळाडूची जाळीची पिशवी ठेवलेली असायची. मोजे, चड्डी, सरावाचा शर्ट सगळं त्या जाळीत, आणि जाळीचं तोंड आवळून त्यावर ही जाडजूड पिन. कपडे जाळीसकट धुतले जात, जाळीसकट वाळत, म्हणजे कुणाचं कुणाकडे जायला नको. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याच्या पिनेवर अकरा होता. मग एका सकाळी धुलाईवाल्या काकांनी मान खाली घालूनच नवी पिन पुढे केली होती; अकरा दुसऱ्याला दिलाय रे भिंगरी, वरून चिठ्ठी आली, असं म्हणाले होते, आणि तो म्हणाला होता, काही हरकत नाही काका. काही हरकत नाही… हे तीन शब्द इतके तोंडात बसले होते की कधीकधी कुणी काही विचारायच्या आतच बाहेर पडत.

भिंगरी हे नाव स्टँडमधल्या लोकांनी ठेवलेलं. अठराव्या वर्षी फुटबॉलच्या मैदानाच्या डाव्या बगलेने, कडेकडेने, चेंडू घेऊन निघाला की समोर आलेल्या बचावपटूपुढे तो स्वतःभोवती एक गिरकी घ्यायचा, आणि गिरकी संपेपर्यंत चेंडू त्या माणसाच्या मागे पोचलेला असायचा. कसं करतोस म्हणून विचारलं तर सांगता येत नसे. त्या वर्षीच क्लबने त्याच्याशी करार केला. आठ वर्षांचा. आता तो चोवीसचा होता. सहा वर्षं गेली होती, दोन उरली होती, आणि ह्या सहांपैकी तो खऱ्या अर्थाने खेळला होता ते पहिलं वर्ष, दुसऱ्याचं अर्धं, आणि मग इकडची दहा मिनिटं, तिकडची पंधरा. दुखापत नाही, भांडण नाही. ज्या कोचला तो आवडायचा तो गेला, नव्याला बगलेवर धिप्पाड माणूस हवा होता, त्याच्यानंतरच्याला बगलच नको होती. दुसऱ्या क्लबांनी विचारणा केली होती, पण करारातला पगार ज्या मुलासाठी लिहिला होता तो मुलगा कुणालाच आता दिसत नव्हता, आणि क्लबला तोट्यात सोडायचं नव्हतं. खेळवायचं नाही आणि सोडायचंही नाही. मुख्य संघ नऊला बाजूच्या मैदानावर सराव करी. साडेअकराला, ते जेवायला गेले की, पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर तो आणि त्याच्यासारखे न खेळवले जाणारे तिघं, असे हे चौघं जमत. फळ्यावरच्या यादीत ह्या चौघांची नावं एक रेघ मारून रेघेखाली लिहिलेली असत. रोज हजर राहायचं, वजन करायचं, सांगतील तेवढं धावायचं — करारातलं एकही कलम त्याने सहा वर्षांत मोडलेलं नव्हतं. मी इथे आहे, कारण मी इथे असायला हवा असं लिहिलेलं आहे… एवढंच.

संचालकांनी बोलावलंय, काका म्हणाले. आत्ता, कपडे बदलायच्या आधी.

खेळाडूंचे करार बघणाऱ्या संचालकांची खोली पहिल्या मजल्यावर होती, आणि तिच्या बाहेरच्या भिंतीवर सह्यांच्या दिवसाचे फोटो ओळीने लावले होते. त्यातला एक त्याचा. तो ह्या भिंतीवरून जाताना नेहमी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघे. आज बाहेर गाड्या धुणारा माणूस नव्हता, काहीच नव्हतं बघायला, म्हणून त्याने बघितलं. एक बारीक मानेचा मुलगा हातात शर्ट पसरून उभा, शर्टाच्या पाठीवर नंबर नाही, करार जिथे संपतो ते साल. तेव्हा ते साल केवढं लांबचं वाटलं होतं — तोवर माणसं उडायला लागतील, असं काहीतरी बाबा गमतीने म्हणाले होते. मुलगा सरळ समोर बघत होता. तो फोटोतून आपल्याकडे बघतो ह्याची त्याला भीती नव्हती. भीती ह्याची होती की त्या मुलाला आपण कोण हे ओळखू येणार नाही.

संचालक चांगले बोलले. ते नेहमीच चांगलं बोलत. एक नवा मुलगा आलाय, अठराचा, डावखुरा, फार वरचा. सात वर्षांचा करार द्यायचाय. मुलाला आई-वडील नाहीत, मावशीने वाढवलंय, ती सोबत आलीये आणि सकाळपासून कागद वाचतेय, एकेक पान दोनदोनदा. मुलगाही जरा बिचकलाय. त्याला मैदान दाखव. तू आमच्याच अंगणात वाढलास, तुझ्या तोंडून ऐकलं तर त्याला धीर येईल. मग कागदपत्रं सरळ करत ते सहज म्हणाले की त्या किनाऱ्यावरच्या छोट्या क्लबचं पत्र पुन्हा आलंय — उरलेली दोन वर्षं त्याला त्यांच्याकडे खेळायला उसना द्या म्हणून — गुरुवारपर्यंत कळवायचंय, बघू, मी मनावर घेतो.

मुलाचं आणि पत्राचं, ह्या दोन वाक्यांमध्ये काहीही नव्हतं. 'आणि' नव्हता, 'तर' नव्हता. पण तो जिना उतरू लागला तेव्हा त्याला त्या मधल्या जागेतूनच खाली उतरत असल्यासारखं वाटलं. किनाऱ्यावरच्या क्लबचं मैदान लहान, गवत राठ, वाऱ्याने चेंडू कुठल्या कुठे जातो म्हणतात. चालेल. गुडघे फुटले तरी चालेल. शनिवारी अकरा माणसांत उभं राहायचं, कुणीतरी आपल्याला पाडायला धावत येतंय हे ऐकायचं…

म्हणजे आठ वर्षं ह्याला कुणी काढू शकत नाही?

हे बाबांनी विचारलं होतं, ह्याच इमारतीत, सहीच्या दिवशी. बाबा बावीस वर्षं एका कारखान्यात हंगामी कामगार होते. दर वर्षअखेरीस फाटकावर यादी लागायची आणि घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोलायचं नाही. यादीत नाव असलं की बाबा येताना केळी आणायचे, आणि केळी बघून घरच्यांना कळायचं. कायम होणं — हे त्यांच्यासाठी देवाचं नाव असल्यासारखं होतं. शेजारचे कायम झाले, मेहुणा कायम झाला, ते झाले नाहीत. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते खुर्चीच्या टोकावर बसले होते, आणि संचालक हसून म्हणाले होते, नाही हो काका, आठ वर्षं हा आमचा. परत जाताना बाबा रस्त्यात भेटेल त्याला सांगत होते. गोलाचं नाही, गिरकीचं नाही. "पोरगा कायम झाला," असं.

नवा मुलगा खाली बाकावर बसला होता. बूट कोरे, लेस उगाच पुन्हा बांधलेल्या. त्याला बघताच तो उभा राहिला आणि त्याने एकदम दादा म्हटलं. शेजारी मावशी — पन्नाशीची, गळ्यात चष्म्याची दोरी, शिवणकामाचं दुकान चालवणारी. क्लबने आधीच छापून आणलेला, सात वर्षांनंतरचं साल लिहिलेला शर्ट तिने उलटा करून मांडीवर घेतला होता आणि ती आतली शिवण नखाने चाचपत होती. कच्ची आहे, ती कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाली. दोन धुण्यांत उसवेल. मग चष्म्यावरून त्याच्याकडे बघत तिने विचारलं की मी तुला अरे-तुरे केलं तर चालेल ना, माझ्याच पोराएवढा आहेस. आणि तुम्ही पुढे व्हा म्हणाली, मला अजून चार पानं वाचायची आहेत.

त्याने मुलाला कपडे बदलायची खोली दाखवली, थंड पाण्याचे हौद, वजनं, मालिशवाल्याचं टेबल. मुलगा प्रत्येक गोष्टीला हात लावून बघत होता. मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यात त्याचा आवाज घुमला आणि तो दचकून हसला. मी बारा वर्षांचा होतो, तो सांगत होता, मावशीच्या दुकानात टीव्ही होता, तुम्ही त्या दोघांना चकवलं आणि कोपऱ्यातून आत मारला, मी ती गिरकी गल्लीत किती दिवस… दादा, आधी डावा पाय टेकता ना? त्याने सांगितलं, हो, आधी डावा. खरं तर त्याला आठवत नव्हतं. दोन वर्षं त्याने ती घेतलीच नव्हती. टाकीमागच्या मैदानावर कुणापुढे घ्यायची?

ते स्टँडमध्ये चढले. रिकाम्या खुर्च्यांवर ऊन पसरलं होतं. इथे तो यायचं टाळत असे, पण घरच्या मॅचला क्लबचा कोट घालून इथेच बसावं लागे, तेही कलमात होतं, आणि ऐंशी मिनिटं झाली की त्याच्या मागच्या रांगेत कुणीतरी घसा खाकरे. वळून बघितलं तर कुणी नसे, किंवा असे कुणी अनोळखी, सँडविच खात असलेला. ऐंशी मिनिटं. शेवटची दहा उरतात तेव्हा.

तिसऱ्या वर्षी बाबा इस्पितळात होते. मॅच संपली की तो फोन करी. आज उतरवलं का रे? — हो बाबा, शेवटची दहा मिनिटं. पहिल्यांदा ते सहज निघालं, आजारी माणसाला म्हणून. मग दर आठवड्याला. कधी दहा, कधी बारा, एकदा मी कॉर्नरही घेतला. आणि बाबा म्हणत, हो, रेडिओवर ऐकलं, डावीकडून छान पळालास म्हणे. तो फोन ठेवी आणि बरं वाटे, रेडिओवाले कुणाचंही नाव घेतात असं वाटून. बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी ताई भांडी पुसता पुसता बोलून गेली की त्या वॉर्डात रेडिओ नव्हताच. टीव्ही होता, बाबांच्या पायाशी, भिंतीवर. ते सगळ्या मॅच बघायचे, खेळाडू बाहेर पाय मोकळे करतात तिथपासून, शेवटची शिट्टी होईपर्यंत, चष्मा लावून. मग तुझा फोन यायचा, आणि फोन ठेवून मला म्हणायचे, आज दहा मिनिटं खेळला म्हणतो.

हसून म्हणायचे का, त्याने विचारलं होतं.

नाही, ताई म्हणाली होती. नुसतं सांगायचे.

"दादा," मुलगा म्हणाला, "सात वर्षं म्हणजे मी पंचविशीचा होईन. तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"सही कर."

इतक्या चटकन आलं की ते आपल्याच तोंडून आलं हे त्याला क्षणभर उमगलं नाही. वर आणखी काय काय तो बोलला — स्थिरता, घर, मावशीला आता मशीनवर बसायला नको, मोठा क्लब, सांभाळून घेतात. सगळं खरं होतं. आईचं घर ह्याच करारावर उभं होतं, ताईचं शिक्षण झालं होतं, बाबांचं औषधपाणी झालं होतं. कुणी विचारलं असतं की ह्यातलं खोटं काय, तर त्याला एक शब्द दाखवता आला नसता. मुलाचा चेहरा उजळला. मी गवताला हात लावून येऊ का, त्याने विचारलं, आणि पायऱ्या उड्या मारत तो खाली पळाला. अगदी जवळ, कानामागे, कुणीतरी घसा खाकरला. घड्याळात पावणेअकरा झाले होते, मॅच नव्हती, मिनिटं मोजायला काहीही नव्हतं.

मावशी धापा टाकत वर आली आणि एक खुर्ची सोडून बसली. खाली मुलगा गुडघ्यांवर बसून गवत दोन्ही हातांनी चाचपत होता. तिने थोडा वेळ ते बघितलं. कागद तिच्या पिशवीत होते, वर टाचणी लावलेले. तू हो म्हणालास म्हणे, ती म्हणाली, खालून ओरडून सांगितलं मला त्याने. मग तिने विचारलं, "तू शेवटची मॅच कधी खेळलास रे?"

"गेल्या आठवड्यात, शेवटची दहा…"

तो थांबला. वाक्य पुढे जायला तयार होतं, त्याला रस्ता पाठ होता. पण मावशी काही म्हणत नव्हती, मान हलवत नव्हती, ऐकलं म्हणत नव्हती. नुसती बघत होती, चष्मा लावून. आणि त्याला वाटलं, वॉर्डातला तो पलंग, भिंतीवरचा टीव्ही, ते असंच बघत असतील — रागाने नाही, कीव करून नाही — नुसतं, हा आता काय सांगतो ते.

"एकवीस महिने झाले," तो म्हणाला.

मग तो बोलत गेला, हलक्या आवाजात, खालच्या मुलाकडे बघत. मावशी, कागदात एक ओळ घालून मागा. एका हंगामात अमुक इतक्या मॅचमध्ये उतरवलं नाही, तर ह्याला हवं तिथे जाता यावं. वकिलाला नीट भाषेत लिहू दे, पण मुद्दा एवढाच. आणि ते नाही म्हणाले तर, तिने विचारलं. नाही म्हणाले तर निदान ते नाही म्हणतात हे सहीच्या आधी कळेल.

"तुझ्या कागदात नव्हती ही ओळ?"

"आम्ही मागितलीच नाही. बाबा विचारत होते, ह्याला कुणी बाहेर काढणार नाही ना. बाहेर पडता येईल का, हे आमच्यात कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

मावशीने पिशवीचा बंद दोनदा गुंडाळला. "मग त्याला का सांगितलंस, सही कर म्हणून?"

त्याच्याकडे उत्तर होतं, किनाऱ्यावरच्या क्लबचं पत्र हे उत्तर होतं, आणि ते तिला सांगणं सोपंही होतं. पण ते पुरतं खरं नव्हतं. पत्र आलं नसतं तरी मी तेच म्हणालो असतो का… त्या मुलाच्या तोंडावरचा उजेड बघायला? की ह्यासाठी, की त्याने माझ्याच दारातून आत यावं, आणि मग आम्ही दोघं असू? त्याने मान हलवली. तिने आग्रह केला नाही. सावकाश, कठड्याला धरत ती खाली उतरली.

साडेअकराला तो टाकीमागे हजर होता. चौघं गोलात धावले. पहिल्या मजल्यावरच्या काचेआड हालचाल दिसत होती. कुणी उभं राहत होतं, कुणी बसत होतं, मावशीची पाठ मात्र जागची हलत नव्हती. फोटो काढणारा माणूस कॅमेरा गळ्यात घालून बाहेर पायरीवर बसून होता, आणि बाराच्या सुमारास तो कॅमेरा पेटीत ठेवून निघून गेला.

सराव संपवून आत येताना संचालक बोळात भेटले. ते चिडलेले नव्हते. त्यांना आता वकील हवाय, आठवडाभर विचार करायचाय, ते म्हणाले, काय बोलणं झालं तुमचं? तो म्हणाला, मैदान दाखवलं. मग त्या पत्राचं काय ते कळवतो, असं म्हणून ते गेले, आणि त्यांच्या बुटांचा आवाज जिन्यापर्यंत अगदी एकसारखा ऐकू येत राहिला.

कपडे बदलायच्या खोलीत कुणी नव्हतं. तो बूट सोडत होता तेवढ्यात दार उघडलं. मुलगा दारातच उभा राहिला. डोळे लाल होते, हातात तो सालाचा शर्ट नव्हता.

"मला हो म्हणालात, आणि मावशीला वेगळंच सांगितलंत."

"हो."

"का?"

मुलाने दाराची कडी उगाच वरखाली केली. "आता ते दुसऱ्याला बघतील. तुम्हाला खेळवत नाहीत म्हणून मलाही…" बाहेरून मावशीने हाक मारली, चल रे, गाडी चुकेल, आणि तो गेला. दार लोटायचं राहिलं, ते हळूहळू आपोआप मिटलं.

मला हेवा वाटला का? तो बाकावर बसून राहिला. त्याने प्रामाणिकपणे शोधलं, खिशात किल्ली शोधावी तसं, सगळ्या बाजूंनी. असेल. ती ओळ खरी होती. पण खरी ओळही हेव्याने सांगता येते, आणि खोटं बोलणं मायेने होतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? सात वर्षांनी त्या मुलाचं काय झालं असेल — आजच्या दिवसाने तो वाचला असेल की बुडाला असेल — हे ह्या खोलीत बसून कुणालाही सांगता आलं नसतं. काही हरकत नाही, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. शब्द आले नाहीत. हरकत होती. गुरुवार येईल, पत्राला बहुतेक नाही म्हणून उत्तर जाईल, दोन वर्षं रेघेखालच्या यादीत नाव असेल. आणि त्या मुलाच्या लेखी आपण काय आहोत हे आपल्याला कधीच कळणार नाही. ह्या सगळ्याला त्याची हरकत होती.

एका पायात बूट, एक पाय उघडा, असा तो बसला होता. उघड्या पायाची बोटं थरथरत होती. मग पोटरी, मग मांडी. आधी त्याला वाटलं, आज धावणं जास्त झालं. पण श्वासही वर आला होता आणि जिभेवर नाणं चोखल्यासारखी चव होती, आणि ती चव त्याने ओळखली… बोगद्यात उभं असताना, बाहेर गर्दीचा आवाज वाढत असताना, नाव पुकारलं जायच्या आधीची. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपण शांत झालो. त्याने हातांनी मांड्या दाबून धरल्या नाहीत. पाय हलत होते तसे हलू दिले, आणि बसून राहिला — घाबरलेला, पुरता जागा.